जिन्याखालचा दिवा

ऊनबाई हे नाव तिला एका रखवालदारानं दिलं. मोकळ्या प्लॉटवर घडीची खुर्ची टाकून ती सकाळपासून बसली होती. डोक्यावर छत्री, मांडीवर कागद, पायाशी पाण्याची बाटली. ऊन सरकलं की खुर्ची सरकायची, आणि तीही सावलीकडं नव्हे, उन्हाच्या मागं मागं. रखवालदारानं दुपारपर्यंत कळ काढली. मग न राहवून मालकाला फोन लावला, "साहेब, एक बाई आल्यात. बोलायला शहाण्या वाटतात, पण नुसत्या ऊन खात बसल्यात."

"बसू दे," मालक म्हणाला. "त्या आपलं घर काढणार आहेत."

"घर कागदावर काढतात ना साहेब? उन्हात काय काढतात?"

हा प्रश्न तिला पुढं पुष्कळांनी विचारला. तिचं उत्तर ठरलेलं असतं. "चोराला अडवायचं तर आधी त्याची यायची वाट ठाऊक हवी. ऊन कुठून शिरणार ते बघते, मग खिडकी कुठं ठेवायची ते ठरवते." हे ती इतक्या ठामपणे सांगते, की समोरचा माणूस नकळत वर आकाशाकडं बघतो. रखवालदाराचं नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आता मिस्त्री लोक, वीटवाले, सुतार, सगळे तिला ऊनबाईच म्हणतात आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर तिचं ऑफिस आहे. दोन मोठी टेबलं, कपाटांवर पुठ्ठ्याची घरं, खिडकीत टांगलेला तापमापक, आणि खालून दिवसभर येणारा टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज. फर्म दोघांची. दुसरा भागीदार तिच्याच वर्गातला, त्याला कॉलेजपासून गणित्या म्हणतात. ती बोलते, तो मोजतो. ती म्हणणार, "ही भिंत तापेल." तो कागद पुढं ओढून किती तापेल ते सांगणार. भांडण रोजचं, पण दुपारच्या चहाला ते मिटलेलं असतं, कारण चहा एकाच किटलीतून येतो.

हल्ली हिरव्या इमारतींचं पेव फुटलं आहे. काचेचा मोठा डबा उभा करायचा, त्याला आतून गार करायला गच्चीभर यंत्रं बसवायची, पुढं चार कुंड्या टांगायच्या आणि जाहिरातीत एक पान छापायचं. झाला निसर्गाचा सोयरा! हिरवा रंग फासून कावळ्याचा पोपट होत नाही, हे कुणी बोलायचं नाही. ऊनबाई बोलते. एका गृहस्थांना दर्शनी भिंत वरपासून खालपर्यंत झाडांनी मढवून हवी होती.

"उन्हाळ्यात पाणी?" तिनं विचारलं.

"माळी घालेल."

"माळ्याला पाणी कुठून?"

"टँकर मागवू."

"मग भिंतीवर झाडं नाही लावत तुम्ही, टँकर लावताय."

गृहस्थ उठून गेले ते पुन्हा जिना चढले नाहीत. गणित्यानं कपाळाला हात लावला. "आलेलं गिऱ्हाईक तू नुसत्या फुंकरीनं उडवतेस!" पण मनातून तोही त्याच वळणाचा. 'आमच्या घराला वीज लागतच नाही' असली वाक्यं तो ऑफिसातून बाहेर जाऊ देत नाही. 'वर्षातले काही दिवस पंख्यानं भागणार नाही, यंत्र लावावं लागेल' हे तो स्वतःच्या हातानं लिहितो आणि गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवतो. धडधाकट घर पाडून नवं बांधायला निघालेल्या कितीतरी लोकांना या दोघांनी 'पाडू नका, डागडुजी करा' सांगून परत पाठवलं आहे. असं वागून माणूस श्रीमंत होत नाही. झोप मात्र चांगली लागते.

आता जगाची रीत अशी, की आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून. ऊनबाईची रीत नेमकी उलटी. काम घेऊन आलेल्या माणसाला ती आपली चांगली घरं दाखवत नाही. ती आधी आपली सगळ्यात फसलेली इमारत दाखवते, आणि तीही ऐन उन्हाळ्यात, ऐन दुपारी. ऑफिसात या कार्यक्रमाला 'भट्टीदर्शन' म्हणतात.

ती फसलेली इमारत म्हणजे तिच्या थोरल्या नणंदेचं घर. नणंद एकटी राहणारी, शिवणकाम करून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली, जिभेची तिखट आणि मनाची मऊ. ऊनबाई त्यांना वन्सं म्हणते. ती म्हणते म्हणून गणित्याही म्हणतो, आणि आता येणारी-जाणारी गिऱ्हाइकंही वन्संच म्हणतात. ऊनबाई लग्न होऊन आली तेव्हा हातात आर्किटेक्टची पदवी होती आणि काम एकही नव्हतं. त्या वेळी वन्संनीच पहिलं काम दिलं. म्हणाल्या, "माझं घर तू बांध. चुकलीस तरी घरातल्या घरात राहील."

चुकली, आणि घरातल्या घरात मुळीच राहिलं नाही.

तेव्हा ऊनबाई उन्हात बसायला शिकली नव्हती. तिच्या डोक्यात एकच खूळ होतं, की या घरात दिवसा दिवा लावायला लागू नये. वरच्या मजल्यावर एकच मोठी खोली होती. तिची पश्चिमेची भिंत तिनं सबंध काचेची केली. उत्तरेची भिंत कोरी ठेवली, का, तर फोटोत छान दिसते. थंडीतल्या एका सकाळी फोटो काढले गेले, मासिकात छापून आले, 'दिवसा दिवा न लागणारं घर' म्हणून बक्षीसही मिळालं. बक्षीस देणाऱ्यांपैकी कुणी दुपारी घरात पाऊल टाकलं नव्हतं. मग उन्हाळा आला. दुपार कलली की ऊन त्या काचेतून बिनदिक्कत आत शिरायचं आणि बाहेर जायचं नाव घ्यायचं नाही. पहिल्याच आठवड्यात वन्सं गादी गुंडाळून खाली आल्या. "तुझ्या खोलीत मेणबत्ती न पेटवताच वितळते गं," एवढंच म्हणाल्या. ऊनबाई त्या दिवशी घरी जाऊन ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी बाजारातून घडीची खुर्ची घेऊन आली.

म्हणजे तिचा सगळा शहाणपणा त्या भट्टीतून भाजून निघालेला. ती ते लपवत नसे, उलट मिरवत असे म्हटलं तरी चालेल. गिऱ्हाइकाला त्या खोलीत उभं करायची, दार लावायची आणि घाम फुटेपर्यंत थांबायची. मग बोलायला लागायची. काच ऊन आत कसं घेते, आतून पडदा लावणं म्हणजे चोर घरात शिरल्यावर कडी घालणं कसं, सावली भिंतीच्या बाहेरच का हवी. वन्सं गार पाणी आणून द्यायच्या आणि मेणबत्तीचा विनोद न चुकता सांगायच्या. लोक हसायचे, घाम पुसायचे आणि खाली उतरता उतरता काम देऊन टाकायचे. स्वतःची चूक एवढ्या मोकळेपणानं दाखवणारी बाई आपल्याला फसवणार नाही, हा हिशेब कुणालाही पटण्यासारखा होता.

आणि मग शाळेचं काम आलं. जुन्या पत्र्याच्या वर्गांच्या जागी नवे वर्ग बांधायचे होते.

ऊनबाईनं दुकानं बांधली, दवाखाना बांधला, घरं तर कितीतरी. शाळा नाही. आणि तिला हवी होती ती शाळाच. ती स्वतः पत्र्याच्या वर्गात शिकलेली. तिसऱ्या रांगेत तिचा बाक, आणि डोक्यावर असा तापलेला पत्रा, की दुपारनंतर मास्तर काय शिकवतात ते कानात जायचं पण डोक्यात शिरायचं नाही. आपण मठ्ठ आहोत असं तिला कितीतरी वर्षं वाटत होतं. पुढं गार वर्गात बसायला मिळालं तेव्हा कळलं, की मठ्ठ पत्रा होता. एक तरी शाळा अशी बांधायची, की दुपारच्या तासाला कुठलंही पोर स्वतःला मठ्ठ समजणार नाही, ही तिची जुनी इच्छा. वय साठीकडं झुकलेलं. पुढची शाळा कधी येईल आणि येईल तेव्हा आपण असू का, हे तिला ठाऊक नव्हतं.

या कामाच्या निवडीत दोनच फर्म उरल्या होत्या. दुसरी मोठी, चकचकीत, व्हिजिटिंग कार्डावर हिरवं पान असलेली. त्यांच्या चित्रातल्या शाळेच्या भिंतींवरून वेली लोंबत होत्या. निर्णय दोघांच्या हातात होता. एक संस्थेचे अध्यक्ष, निवृत्त इंजिनियर, गोड बोलणारे. दुसऱ्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते. मोठ्या बाईंची सगळी हयात वर्ग सांभाळण्यात गेलेली, त्यामुळं रिकाम्या जागी चालू दिवा दिसला की त्यांचा हात आपोआप बटणाकडं जातो. ऊनबाईच्या ऑफिसातून निघताना त्यांनी जिन्यातला दिवा विझवला आणि मागून येणारा गणित्या दोन पायऱ्या एकदम उतरला.

भट्टीदर्शन नेहमीसारखंच झालं. किंबहुना त्या दिवशी ऊनबाई नेहमीपेक्षा रंगात होती. अध्यक्षांचा रुमाल ओलाचिंब झाला. "वा! असा प्रामाणिकपणा मी आमच्या क्षेत्रात पाहिला नाही," ते म्हणाले. वन्संनी पाणी दिलं, मेणबत्ती वितळवली. गणित्यानं ऊनबाईकडं बघून डोळे मिचकावले. काम खिशात होतं.

सगळे खाली उतरले. जिन्याखाली एक कोनाडा होता आणि तिथं दिवा चालू होता. मोठ्या बाईंचा हात गेला आणि दिवा विझला.

"अहो, दिवा!" अंधारातून वन्संचा आवाज आला. "सुई हातात आहे माझ्या!"

मोठ्या बाईंनी घाईनं दिवा लावला. कोनाड्यात शिवणयंत्र होतं, त्याच्यापुढं एक स्टूल, आणि स्टुलावर वन्सं. पाहुणे निघाले म्हणून त्या आपल्या कामाला लागल्या होत्या.

"माफ करा हं," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण तुम्ही इथं अंधारात का बसता? वर तर एवढा उजेड आहे."

"वर उजेड आहे, पण बसवत नाही. डोळे दिपतात, कापड विटतं. म्हणून इथं दिवा लावून बसते."

"दिवसभर?"

"काम असेल तेवढा वेळ. आणि काम तर असतंच." वन्सं हसल्या. "खरं सांगायचं तर वरची खोली मी मशीनसाठीच धरली होती."

मोठ्या बाईंनी समोरच्या भिंतीकडं पाहिलं. तिथं बक्षिसाची ढाल होती. 'दिवसा दिवा न लागणारं घर.' त्यांनी ती शांतपणे वाचली आणि ऊनबाईकडं वळल्या.

"ही वरची चूक तुम्ही किती लोकांना दाखवलीत?"

"पुष्कळांना," ऊनबाई म्हणाली. अजून तिच्या आवाजात अभिमान होता.

"आणि दुरुस्त का नाही केली?"

ऊनबाईनं जिन्यावरून वर त्या खोलीकडं पाहिलं.

"या बाईंना खोली कशासाठी हवी होती, ते विचारलं होतंत?"

तेही विचारलं नव्हतं. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

"तुमचं बोलणं मला पटलं," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "पण मला वर्ग हवेत. कबुलीजबाब घेऊन मी काय करू? आमच्या शाळेत पोरं चूक कबूल करतात, मग आम्ही त्यांना ती खोडून पुन्हा लिहायला लावतो."

अध्यक्ष काहीतरी गोड बोलायला गेले, पण मोठ्या बाई चपला घालून बाहेर पडल्याही होत्या. गणित्या त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी ऊनबाईची गत झाली होती. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. तिला लाज वाटत होती. लोकांपुढं फजिती झाली, शाळा हातची गेली, त्याचं दुःख होतंच. पण खरी लाज त्या दिव्याची होती. प्रत्येक पाहुण्याला घेऊन ती त्याच दिव्यावरून गेली होती.

"वन्सं, तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

वन्संनी दोरा दातानं तोडला. "तू दोनदा तीनदा म्हणाली होतीस की भिंत बंद करू म्हणून. मीच म्हटलं, आत्ता नको, धूळ होईल."

"धुळीला तुम्ही कधीपासून घाबरायला लागलात?"

"अगं, ती खोली तुझ्या कामाला यायची. लोक यायचे, बघायचे, तुला काम द्यायचे. मला वाटलं, माझी एक खोली तापली तर तापू दे. तुझं चाललंय ना!" मग म्हणाल्या, "आणि तू इतक्या आवडीनं दाखवायचीस, की बंद कर म्हणायला जीव होईना."

ऊनबाईचे डोळे भरून आले. पहिलं काम देणाऱ्या माणसानं पुढची सगळी कामंही आपल्या घामावर मिळवून दिली होती, आणि ती मात्र ते श्रेय स्वतःच्या खरेपणाला देत होती.

पण रडत बसणारी ती बाई नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घडीची खुर्ची घेऊन हजर झाली. वन्संना वाटलं वर जाणार. ती जिन्याखाली गेली आणि शिवणयंत्राच्या शेजारी खुर्ची उघडली. संध्याकाळपर्यंत तिथंच बसली. दिव्याची धग कानशिलाला लागते हे तिला कळलं. काळा दोरा आणि गडद निळा दोरा त्या उजेडात सारखेच दिसतात, म्हणून वन्सं दर वेळी रीळ घेऊन दारापर्यंत जातात, रंग बघतात, परत येतात. गुडघे दुखतात म्हणून उठताना यंत्राचा आधार घेतात. घर बांधायच्या आधी हे बघायला हवं होतं. ते आता बघून झालं.

"बोला वन्सं," शेवटी ती म्हणाली. "खोली कशी हवी?"

"आता विचारतेस?"

"आता विचारते. उशिरा आले, पण आले."

वन्संनी हाताचं काम खाली ठेवलं. उत्तर तयारच होतं, फक्त कुणी मागितलं नव्हतं. "मशीन मावली पाहिजे. डाव्या हाताला उजेड हवा, पण ऊन नको. दुपारी पाठ टेकायला गादी. आणि खालचा रस्ता दिसला पाहिजे."

"रस्ता कशाला?"

"कोण आलं, कोण गेलं, कोण कुणाबरोबर गेलं, कळायला नको?"

ऊनबाईनं हेही लिहून घेतलं.

गणित्या आधी चिडला. शाळेचा निर्णय तोंडावर आलेला, आणि ही नणंदेची खोली काढून बसलेली! मग तिनं त्याला जिन्याखालच्या स्टुलावर बसवलं आणि वन्संचा दोरा ओवायला दिला. तिसऱ्यांदा सुई बोटात घुसल्यावर त्यानं कागद पुढं ओढला. पश्चिमेची काच काढायची ठरली. तिथं विटांची दुहेरी भिंत, मधे पोकळी, वर एक अरुंद खिडकी आणि तिला बाहेरून लाकडी पट्ट्यांची झडप. कोऱ्या उत्तरेच्या भिंतीत टेबलाच्या उंचीवर लांबलचक खिडकी, खाली रस्ता. पश्चिमेची निघालेली काचच उत्तरेला लावायची. विटा जवळच पाडलेल्या एका गोदामाच्या. छताजवळ गरम हवा जायला झरोका आणि गच्चीवर फुटक्या पांढऱ्या फरशीचे तुकडे. नवं असं फार थोडं. "स्वस्तातला प्रायश्चित्ताचा कार्यक्रम," गणित्या म्हणाला.

मिस्त्रीनं पश्चिमेची पहिली काच उतरवली तेव्हा गणित्याच्या एकदम काहीतरी ध्यानात आलं. "अगं, पण आता गिऱ्हाइकांना दाखवायचं काय? होती ती एक मोठी चूक, तीही तू दुरुस्त करतेस!"

"दुसरी शोध," ऊनबाई म्हणाली. "आपल्याकडं कमी आहेत का? आणि या वेळी दुरुस्तीला हात घातल्याशिवाय दाखवायची नाही."

शाळेकडून काही निरोप नव्हता. हिरव्या पानाच्या फर्मनं अध्यक्षांना आपली नवी इमारत दाखवली आणि अध्यक्ष तिथल्या गारव्यावर खूश झाले, अशी बातमी खालच्या सायकलवाल्याकडून वर आली. गणित्यानं आशा सोडली. ऊनबाईनं सोडली नाही, पण मोठ्या बाईंना फोनही केला नाही. खोडून पुन्हा लिहिलं आहे, हे पोरानं ओरडून सांगायचं नसतं. बाई वही बघतात तेव्हा त्यांना दिसतंच. तिला शाळा हवी होती, अगदी जीव तोडून हवी होती, पण दारात जाऊन मागावी असं तिला वाटेना. खोली चांगली झाली होती हे तिला पक्कं ठाऊक होतं.

उन्हाळा पुरता तापला. रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटायला लागलं. अशा एका दुपारी ऊनबाई छताजवळचा झरोका नीट चालतो का ते बघायला वन्संकडं गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. जिन्याखाली कुणी नव्हतं. ती वर गेली, आणि दारातच वन्संनी तिला ओठांवर बोट ठेवून थांबवलं.

"हळू," त्या कुजबुजल्या. "शाळा झोपलीय."

उत्तरेच्या खिडकीपाशी यंत्र होतं, पण ते बंद होतं. वन्सं मांडीवर एक कोट घेऊन हातानं अस्तर शिवत होत्या. आणि त्यांच्या शेजारी, ऊनबाईच्याच घडीच्या खुर्चीत, मोठ्या बाई गाढ झोपल्या होत्या. चष्मा मांडीवर, मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं.

"न कळवता आल्या," वन्सं हळू आवाजात सांगायला लागल्या. "हातात हा कोट. म्हणे अस्तर उसवलंय. अगं, अस्तर चांगलं धड होतं, मुद्दाम कात्री लावलेली! शिवणारीला कळत नाही का? मग वर आल्या. भिंतीला हात लावून बघितला. दार लावून उभ्या राहिल्या, तू राहायचीस तशा. घाम येईना. म्हणाल्या, 'बसून बघते जरा.' बसल्या त्या गेल्याच. मग मी मशीन बंद केली."

बाहेर रस्ता भाजत होता. खोलीत सावलीचा मऊ उजेड होता आणि झरोक्यातून हवा सावकाश वर जात होती. ऊनबाईला इतका आनंद झाला, की तो कुठं ठेवावा ते कळेना. तिनं वन्संचा हात घट्ट धरला. "सुई, सुई!" वन्सं म्हणाल्या, पण हात सोडवला नाही.

त्या कुजबुजीनं मोठ्या बाई जाग्या झाल्या. झटकन चष्मा चढवला, पाठ ताठ केली. "मी डोळे मिटून विचार करत होते," त्या म्हणाल्या.

"हो ना," वन्सं म्हणाल्या. "चांगलं घोरत विचार करत होतात."

मोठ्या बाईंनी वन्संकडं रोखून पाहिलं आणि मग त्यांनाच हसू फुटलं. हसून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला. खिडकीतून खाली रस्त्याकडं बघत राहिल्या.

"दुपारच्या तासाला पेंगणाऱ्या किती पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलं असेल," त्या म्हणाल्या. "पोरांचा दोष नव्हता."

"नव्हता," ऊनबाई म्हणाली. "पत्र्याचा होता."

मोठ्या बाईंनी मान हलवली. "पोरांना कधी विचारणार? त्यांना काय हवंय ते?"

ऊनबाईला क्षणभर अर्थ कळला नाही. मग कळला. "अध्यक्ष?" तिनं विचारलं.

"अध्यक्षांना मी बघते. त्यांना इथंच आणून बसवते दुपारचं. तुम्ही शाळेत कधी येता ते सांगा."

"उद्याच येते. खुर्ची घेऊन."

"खुर्ची नको. बाकावर बसा. तिसऱ्या रांगेत, तिथं पत्रा सगळ्यात जास्त तापतो."

"ठाऊक आहे मला," ऊनबाई म्हणाली.

तिघी खाली उतरल्या. वन्संनी कोट घडी घालून दिला आणि मजुरी घ्यायला साफ नकार दिला. कापलेलं अस्तर शिवायचं आपण काही घेत नाही, म्हणाल्या. दाराकडं वळताना मोठ्या बाईंचा हात सवयीनं जिन्याखालच्या बटणाकडं गेला आणि तिथंच थांबला.

दिवा बंदच होता.